यंत्र आपले, चावी कोणाची?

हृदयाची लय त्याच्या अंगभूत विद्युत्संकेतांवर चालते. हे संकेत भलत्या वाटेने फिरू लागले की ठोके बेताल होतात. अशा वेळी जांघेतील शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयात नेऊन दोषी जागा उष्णतेने निकामी करण्याची पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाली. नळी हाताने फिरवणारा डॉक्टर शिशाचा जड एप्रन अंगावर घेऊन तासन्‌तास क्ष-किरणांपाशी उभा असतो. त्याची पाठ त्यात कामी येते.

अमेरिकेतील सेंट लुईच्या स्टेरिओटॅक्सिस कंपनीने त्यावर तोड काढली. रुग्णाच्या दोन्ही अंगांना प्रचंड लोहचुंबक, नळीच्या टोकाशी इवलेसे चुंबक आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत पडद्यासमोर! नळी मऊ असल्याने हृदयाची भिंत फाटण्याचा धोका घटतो. श्रम करणाऱ्याचे शरीर वाचवणाऱ्या यंत्राला कोणी शहाण्याने विरोध करू नये. मात्र निष्णात हातापेक्षा यंत्राचे यश सरसकट अधिक आहे, असे सिद्ध झालेले नाही. क्ष-किरण कमी लागतात, वेळ बहुधा अधिक जातो.

अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला खरी मेख पुढे दिसते. हे यंत्र एकदा विकत घेऊन भागत नाही. त्याला चुंबकी टोकाचीच नळी लागते, आणि ती वर्षानुवर्षे मुख्यत्वे जॉन्सन अँड जॉन्सनच्या बायोसेन्स वेबस्टरकडून येत राहिली. विकत घेणाऱ्याला यंत्र मिळते. पण दर खेपेची किंमत विकणाराच ठरवतो.

कॅलिफोर्नियातील हॅन्सन मेडिकलची कथाही बोधप्रद आहे. यांत्रिक बाहूने कॅथेटर फिरवणाऱ्या तिच्या ‘सेन्साय’ यंत्राला २००७ साली अमेरिकेत परवाना मिळाला. २०१६ साली ही कंपनी ऑरिसने घेतली. ऑरिसचे मुख्य लक्ष फुफ्फुसांच्या तपासणीच्या यंत्राकडे होते. २०१९ मध्ये तीही जॉन्सन अँड जॉन्सनच्या पोटात गेली. ज्या रुग्णालयांनी यंत्रे घेतली होती, त्यांना या सौद्यांत कोणी विचारले?

म्हणून उद्या एखादे सार्वजनिक रुग्णालय असे यंत्र घेऊ लागले, तर कार्यकर्त्यांनी उद्‌घाटनाच्या फितीपेक्षा कराराचा कागद आधी मागावा. नळीचा दर किती वर्षांसाठी बांधला आहे? सुटे भाग व दुरुस्तीचे ज्ञान कोणाकडे राहील? कंपनी विकली गेल्यास जबाबदारी कोणाची? आणि यंत्र बंद पडलेल्या दिवशी हाताने नळी नेणारा डॉक्टर आपण घडवला आहे काय? याची उत्तरे लेखी मिळेपर्यंत जनतेच्या पैशाच्या धनादेशावर सही होता कामा नये.