मोगऱ्याचा उपवास
वैनगंगेकाठीं धानाची कापणी आटोपली कीं आमच्या भंडाऱ्याकडे पहांटेचा गारठा वाढूं लागतो. तरी परसांतील मोगऱ्यास मायेनें रोज पाणी घातलें जातें. हीच चूक. या दिवसांत त्यास विश्रांति हवी. पाणी मिळत राहिल्यास तो नुसता पालाच वाढवितो. मार्गशीर्षांत पाणी तोडून ताण द्यावा, पौषअखेर छाटणी करावी, मग शेणखत घालून पुन्हां पाणी सुरू करावें. तुळशीचें तसें नव्हे. तिच्यावर रात्रीं पोतें टाकावें, आळ्यांत धानाचें तणस पसरावें व पाणी सकाळींच घालावें. गतवर्षीं सूनबाईंनीं बजावलें असतांही मी मोगरा भिजवीत राहिलों. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास फुलें बाजारांतून आणावीं लागलीं. यंदा त्यांनीं झारीच उचलून ठेविली आहे.