सोडत

उर्दूत आपण ज्याला ‘कुरआ-अंदाजी’ म्हणतो, त्याला मराठीत ‘सोडत’ म्हणतात. लॉटरीच्या टपरीवर ‘आजची सोडत’ अशी पाटी तुम्ही वाचली असेल. पाटीपुढे चार-दोन माणसे तिकिटावरचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहत उभी असतात. त्यांना मूर्ख समजू नका. मुलीचे लग्न आणि घराचे छप्पर मजुरीतून कधीच होणार नाही, हे ज्याला कळून चुकले आहे, तो तिकीट घेतो. संध्याकाळपर्यंत का होईना, त्याला थोडी आशा मिळते. त्या आशेचा खरा भाव त्याला कोणी सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

तो भाव आपणच काढू. सहा आकडी क्रमांक ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत, म्हणजे दहा लाख होतात. कासारसाईच्या आसपास भात पिकतो, म्हणून तांदळाचेच उदाहरण घेऊ. हजार दाण्यांचे वजन अंदाजे २० ग्रॅम भरते. (घरी मोजून पाहा. आई रागावेल, पण गणित पक्के होईल.) म्हणजे दहा लाख दाण्यांचे वीस किलोचे पोते झाले. त्यातल्या एकाच दाण्याला शाई लावा, पोते चांगले हलवा आणि डोळे बांधून एक दाणा उचला. तो शाईचा निघाला, तर पहिले बक्षीस तुमचे! दहा तिकिटे घेतली तर दहा दाणे उचलता येतील. पोते मात्र तेवढेच राहील.

मटक्याचा हिशेब याहून सोपा आहे. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर लोक पैसे लावत. ते भाव येणे थांबले, तेव्हा १९६० नंतरच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवू लागले. म्हणून हे नाव. दहा आकड्यांतून एक आकडा निघतो आणि एका रुपयाला नऊ रुपये मिळतात. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर जमा दहा आणि वाटप नऊ. उरलेला रुपया कोणाचा, ते सांगायला नको. शंभर रुपये घेऊन बसलेल्याने मिळेल ते पुन्हा पुन्हा लावले, तर सरासरीने सात फेऱ्यांत निम्म्याहून कमी उरतात.

मटका बेकायदेशीर आहे. लोकांनी त्याच्या नादी लागू नये, म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली. केरळने ती १९६७ मध्येच काढली होती. पुढे काही लॉटऱ्याही मटक्याच्याच वळणावर गेल्या. तेव्हा १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एकाच आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई केली. शासनाच्या सोडतीत फसवणूक नाही आणि नफा सरकारी तिजोरीत जातो, हे मान्य. पण गरिबाच्या खिशातून, त्याच्या आशेवर महसूल गोळा करणे मला पटत नाही. कर भरायचा तर कमाईप्रमाणे भरावा.

“महिनाभर सात आला नाही, आता येणारच!” असे बोलणे तुमच्याही कानावर आले असेल. मडक्याला काल काय निघाले ते आठवत नाही. आजही साताची संधी दहात एकच असते. लागलेल्याचे नाव टपरीवर झळकते. न लागलेल्यांची नावे लिहायला तेवढी पाटी कोठून आणणार?

आपल्या आया-बहिणींची भिशी हीसुद्धा सोडतच आहे. बारा जणी दरमहा ५०० रुपये काढतात आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला ६००० रुपये मिळतात. एकदा निघालेले नाव पुन्हा टाकत नाहीत. शेवटच्या चिठ्ठीवालीलाही पूर्ण ६००० मिळतात. नशिबाने ठरतो तो फक्त महिना. शिलाई मशीन, शाळेची फी, घरातले आजारपण यांना ते पैसे उपयोगी पडतात. मात्र भिशी ओळखीतल्या बायकांतच लावावी. पहिल्या महिन्यात पैसे उचलून एखादी निघून गेली, तर बाकीच्या अकरा जणींना ती खोट भरावी लागते.