मतदारसंघांची फेररचना : नकाशाबरोबर कारणेही हवीत

गोव्याच्या चाळीस मतदारसंघांत २०११ च्या जनगणनेतील १४ लाख ५८ हजार लोकसंख्या विभागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी छत्तीस हजार माणसे येतात. एवढ्या लहान मतदारसंघात एखादा वाडा सीमेच्या अलीकडचा पलीकडे गेला, तरी निकाल फिरू शकतो. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला होता.

सीमा कोण आखतो, या प्रश्नाला म्हणूनच येथे अधिक वजन आहे. २००२ च्या परिसीमन कायद्याने हे काम न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे सोपवले. खासदार व आमदार सहयोगी सदस्य असतात. मताधिकार त्यांना नाही. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि जाहीर सुनावणी घेणे बंधनकारक आहे. कागदावर ही पद्धत उत्तमच. मात्र हरकत फेटाळल्यास ती का फेटाळली, हे हरकतदाराला कळवण्याचे बंधन कायद्यात नाही, आणि अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यासही कायद्याने मज्जाव केला आहे. आदेश उघडपणे मनमानी असेल, तर तो तपासता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले, एवढाच काय तो दिलासा.

अनुसूचित जमातींच्या प्रश्नात ही उणीव अधिक बोचते. गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ मध्ये यादीत आले. २००१ च्या जनगणनेत ५६६ असलेली जमातींची संख्या २०११ मध्ये १ लाख ४९ हजार २७५ झाली. विधानसभेत मात्र त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. २००८ चा आदेश जुन्याच आकड्यांवर बेतलेला होता. त्यात दुरुस्ती करण्याचा मार्ग मोकळा करणारे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केले. दहा टक्क्यांच्या हिशेबाने चार जागा होतात. पण त्या कोणत्या? कायदा म्हणतो, जमातींचे प्रमाण सर्वाधिक असेल तेथे. परंतु प्रमाण तरी सीमेवरच ठरते. सांगे, केपे, काणकोणातील सलग वस्तीची गावे दोन-तीन मतदारसंघांत वाटली, की प्रत्येक ठिकाणी ते घटते, आणि नकाशा दिसायला मात्र नियमाला धरूनच असतो. तेव्हा कोणते गाव कोठे जोडले आणि का, हे गावनिहाय आकड्यांसह मसुद्यातच यायला हवे.

हा आग्रह वाजवीपेक्षा अधिक वाटत असेल, त्यांनी २०२१ मधील पालिका निवडणुका आठवाव्यात. महिलांना एक तृतीयांश आरक्षण न मिळाल्याने पाच पालिकांचे प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त भार तेव्हा सरकारच्याच कायदा सचिवांकडे होता.