गणवेशाचा ठराव कुठल्या वहीत आहे?

जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा बहिणीचा फोन आला. भाची सातवीत, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. फाटकाशी उभ्या असलेल्या शिक्षकांनी तिला सगळ्यांसमोर डोक्यावरचा स्कार्फ काढायला लावला. दोन दिवस पोरगी घरी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरीच राहिली, तेव्हा कळलं. अम्मी म्हणाली, "पुरे झालं, बसू दे घरी, नाहीतरी पुढची शाळा लांबच आहे." दाजींचं म्हणणं, तालुक्याच्या उर्दू शाळेत घालू. मी फोनवरच कलमं सांगायला लागलो. तासभर आम्ही तिघं-चौघं भांडलो आणि जिच्या डोक्यावरून हे सगळं चाललं होतं तिला कोणीच काही विचारलं नाही.

शनिवारी गावी गेलो. सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांना भेटलो. माणूस वाईट नाही, त्यांनी चहा मागवला. "नियम कोणी केला, सर?" "वरून आलंय." "लेखी आहे का?" "लेखी असं नाही, पण गणवेश म्हणजे गणवेश." मी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची वही बघायला मागितली. जरा आढेवेढे झाले, पण वही निघाली. गणवेशाचा ठराव सापडला. त्यात शर्टाचा रंग, स्कर्टचा रंग, कापड कुठून घ्यायचं, सगळं होतं. डोकं झाकावं की न झाकावं याबद्दल एक ओळ नव्हती. खाली सदस्यांच्या सह्या होत्या, त्यांत एक सही दाजींची. बैठकीला ते गेलेच नव्हते. वही घरी आली तेव्हा त्यांनी सही ठोकली होती.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे नियम लिहिलेला नसेल तर तो बरोबर चालतोय की चूक, हे तपासताच येत नाही. मग जो टेस्टिंगला बसतो त्याच्या मर्जीवर सगळं चालतं. फाटकावर तेच झालं होतं.

मी गणवेशाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः पांढरा शर्ट आणि खाकी चड्डीत शिकलो. माझा शर्ट चुलतभावाचा उतरलेला होता, शेजारच्या बाकावरच्या पोराचा इस्त्रीचा. म्हणजे गणवेशाने सगळे सारखे होतात हे अर्धंच खरं. पण रोज सकाळी काय घालायचं हा प्रश्न गरिबाच्या घरातून निघून जातो, आणि ती काही लहान गोष्ट नाही. प्रश्न आहे तो गणवेश ठरवतं कोण, आणि तो पाळून घेतं कोण, कसं.

महाराष्ट्राने याचा एक प्रयोग नुकताच करून पाहिला. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत सगळ्या सरकारी शाळांच्या कपड्यांचा निर्णय मंत्रालयात गेला. एक नियमित गणवेश, एक स्काऊट-गाईडचा. कापड वरून येणार, बचतगटांच्या बाया शिवणार. २०२४ च्या १५ ऑगस्टला किती तरी शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी होती. जिथे गणवेश पोचले तिथे कुणाला बाही पुरेना, कुणाची चड्डी ढोपराखाली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. या बातमीवर आपल्यात कोणी बोललं नाही, कारण तिच्यात हिजाब नव्हता. माझ्या मते आपल्यासाठी त्या वर्षातली ती मोठी बातमी होती.

हिजाबची बातमी मात्र सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उडुपीच्या सरकारी पीयू कॉलेजात सहा मुलींपासून सुरुवात झाली. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारचा आदेश निघाला, पाठोपाठ १० तारखेला उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश. १५ मार्चला न्यायालयाने सांगितलं, हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. हेमंत गुप्तांना सर्वांना सारखा गणवेश यातच समानता दिसली. सुधांशू धुलियांनी विचारलं की हिजाब घालते म्हणून मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य सुधारतोय का. फाटकावर हिजाब उतरवायला लावणं हा मुलीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला आहे, असंही त्यांनी लिहिलं. योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं गेलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आठवतो तो मंड्याचा व्हिडिओ. फेब्रुवारी २०२२. शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर शिक्षिका बुरखा, हिजाब उतरवतायत, समोर कॅमेरे. न्यायालयाच्या आदेशात विद्यार्थी होते, शिक्षिका नव्हत्या. पण खाली पोचेपर्यंत आदेशाचं असंच होतं, प्रत्येक पायरीवरचा माणूस त्यात थोडं आपलं घालतो.

आपणही एक चूक केली, असं मला वाटतं. आपण त्या अत्यावश्यक धार्मिक प्रथेच्या खेळात उतरलो. व्हॉट्सअॅपवर फर्ज आहे की नाही याच्या ऑडिओ क्लिपा फिरल्या आणि न्यायालयात आयतींच्या अर्थावर वाद झाले. तेरा-सोळा वर्षांच्या पोरीने शाळेत बसण्यासाठी आधी फिक्ह सिद्ध करून दाखवायचा, हे आपणच मान्य केलं. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळची तीन ख्रिस्ती मुलं राष्ट्रगीताला उभी राहात, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि ती कोणाला त्रास देत नाहीत, एवढं न्यायालयाला पुरलं. आपला मुद्दा तिथून मांडायला हवा होता. केंद्रीय विद्यालयांत गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ चालतो, शीख मुलांचा पटका चालतो, आणि शाळा चालू राहते.

चेहरा झाकण्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. शिकवणाऱ्याला समोरचा चेहरा दिसला पाहिजे. केरळच्या मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने २०१९ मध्ये आपल्या संस्थांत चेहरा झाकणारा बुरखा बंद केला, तेव्हा त्यांना शिव्या आपल्याच लोकांकडून बसल्या. चेंबूरच्या कॉलेजच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली आणि वर्गात बुरखा मात्र चालणार नाही असं म्हटलं. मला ही रेघ साधारण योग्य जागी वाटते.

आणि घरातला ड्रेसकोड? त्याला आदेश क्रमांक नसतो, त्यावर अपीलही नसतं. २०२२ मध्ये 'माय चॉइस' लिहिलेला डीपी ठेवणारे माझे दोन मित्र आपल्या बहिणीला स्कार्फशिवाय क्लासला जाऊ देत नाहीत. मुलीची मर्जी हा मुद्दा न्यायालयापुरता वापरायचा आणि दारात आल्यावर चपलेसारखा काढून ठेवायचा, हे जमणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामू, सायकलवर धूळ येते म्हणून बांधते. अम्मीला पण बरं वाटतं. वर्गात उकडतं, तिथे मी कधी कधी काढतेच. पण सरांनी सगळ्या पोरांसमोर ओढ म्हटलं ना." पुढचं ती बोलली नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. कलम २१ प्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. मी दोन्ही कलमांचा उल्लेख करून मुख्याध्यापकांना अर्ज दिला: स्कार्फबाबत काही ठरवायचं असेल तर बैठकीत, लेखी, आणि तोपर्यंत फाटकावर कोणाला हात लावू नये. पोच घेतली. सोमवारी भाची शाळेत गेली, स्कार्फ बांधून. कोणी अडवलं नाही.

दाजींना मी विचारलं, बैठकीला का जात नाही? "तिथे आपलं कोण ऐकतं?" ते म्हणाले. वहीत मागची दोन वर्षं पाहिली होती मी. त्यांचं ऐकलं गेलं नाही असं एकदाही झालेलं नव्हतं, कारण ते एकदाही गेले नव्हते. हे त्यांना सांगितल्यावर ते चिडले, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

समितीची मुदत संपत आलीय. या वेळी पालकसभेत नाव बहिणीचं द्यायचं ठरलंय. स्कार्फबद्दल काय मांडायचं यावर आमची अजून चर्चा चालू आहे, पण भाचीने आईकडे तिची मागणी आधीच देऊन ठेवलीय: मुलींच्या संडासाला आतून कडी बसवा.