गोधडीतली मैत्रीण

भयकथा म्हटली की आमच्या पिढीला नारायण धारप आठवतात. पडका वाडा, बंद खोली आणि नेमका त्याच वेळी विझणारा कंदील! पाश्चात्त्य गॉथिक कादंबरीही अशाच वास्तूंतून चालत आली. मार्गारेट ॲटवूड या कॅनेडियन लेखिकेच्या ‘एलियस ग्रेस’ (१९९६) या कादंबरीतलं भूत मात्र मोलकरणींच्या खोलीतलं आहे.

मूळ घटना खरी. १८४३ साली टोरोंटोच्या उत्तरेला, रिचमंड हिलजवळ, थॉमस किनिअर आणि त्याचं घर सांभाळणारी नॅन्सी मॉन्टगोमेरी यांचा खून झाला. नोकर जेम्स मॅकडरमॉट फासावर गेला. सोळा वर्षांची मोलकरीण ग्रेस मार्क्स हिची फाशी टळून जन्मठेप झाली. ती सुटली १८७२ साली. तिनं खरंच खून केला का, याचा निकाल आजही लागलेला नाही.

बहुतेक वाचक याच प्रश्नामागे धावतात. कादंबरीतला डॉक्टर जॉर्डनही धावतो आणि हाती काही न लागता परततो. (त्याच्या स्वतःच्या भानगडींना लेखिकेनं जरा जास्तच पानं दिली आहेत, असं माझं मत.) मला विचाराल तर हा प्रश्न इथं दुय्यम आहे. त्या काळी छापलेल्या ग्रेसच्या जबानीत तिचं दुसरं नाव ‘मेरी व्हिटनी’ असं आहे. तेवढ्या एका नावावरून ॲटवूडबाईंनी अख्खी मैत्रीण उभी केली. थट्टेखोर, धीट, ग्रेसला काम आणि जग दोन्ही शिकवणारी. मालकाच्या घरातल्या तरुणाकडून ती फसते, चोरून गर्भपात करून घेते आणि एका रात्रीत संपते. घरातले प्रकरण झाकतात. ग्रेसला मात्र मेलेल्या मेरीचा आवाज ऐकू येतो. पुढं संमोहनाच्या बैठकीत ग्रेसच्या तोंडून मेरी बोलते. ते भूत, ढोंग की दुभंगलेलं मन? लेखिका सांगत नाही. ज्या मुलीला मोकळेपणी रडूही दिलं नाही, तिनं मैत्रिणीला आपल्या आतच जागा दिली असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

आणि ही मुलगी सतत शिवत असते. कादंबरीच्या भागांना नावं आहेत तीही गोधड्यांच्या नक्ष्यांची. डॉक्टर प्रश्न विचारतो, ती सुई चालवत उत्तरं देते. काय सांगायचं, काय गाळायचं, हे तीच ठरवते. माझी आजी गोधडीवर हात फिरवत प्रत्येक तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते सांगायची. एका जांभळ्या तुकड्यावरून मात्र तिचा हात न बोलता पुढं जायचा.

शेवटी सुटलेली ग्रेस स्वतःसाठी पहिल्यांदाच गोधडी शिवायला घेते. तिच्यात ती तीन तुकडे जोडणार असते: मेरीच्या परकराचा, स्वतःच्या तुरुंगातल्या कपड्याचा, आणि तिसरा नॅन्सीच्या झग्याचा. त्याच नॅन्सीच्या, जिच्या मालकाच्या खुनासाठी तिचं तारुण्य तुरुंगात गेलं.