मॅडम, कोणासाठी हवाय?

मागच्या वर्षी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात उभी होते. सोबत एकोणीस वर्षांचा भाचा, तोही खोकी उचलायला मदत म्हणून आलेला. काउंटरमागच्या माणसानं विचारलं, "मॅडम, कोणासाठी हवाय? मुलासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी. व्हिडिओच्या एडिटिंगला." त्यानं मान डोलावली आणि पुढचा पाऊण तास तो भाच्याशी बोलला. भाचा शिकतो कॉमर्स. बिचारा प्रत्येक प्रश्नाला "मावशीला विचारा" म्हणत होता आणि दुकानदार प्रत्येक वेळी माझ्याकडे क्षणभर बघून पुन्हा त्याच्याकडेच वळत होता. शेवटी त्यानं काचेच्या बाजूचं, आत रंगीबेरंगी दिवे पेटणारं एक कॅबिनेट काढलं आणि मला म्हणाला, "मॅडम, हे तुम्हाला आवडेल."

ही गोष्ट सांगितली की मैत्रिणी हसतात, कारण प्रत्येकीकडे अशी एक असतेच. कोणाची गॅरेजमधली, कोणाची बँकेतली. मला मात्र दुकानदारापेक्षा आपलाच राग जास्त आला. महिनाभर आधी आमच्या गटाच्या बैठकीत कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा काय झालं? ठाणे अंमलदाराला तक्रार लिहून घ्यायला लावणाऱ्या, वकिलाच्या आधी कलम सांगणाऱ्या आम्ही, पाच मिनिटांत या निर्णयावर आलो की एकीचे यजमान आयटीत आहेत, त्यांना विचारू. ('यजमान' म्हणायचं नाही असा आमचा जुना ठराव आहे, पण घाईत निसटतो.) त्यांनी एका संध्याकाळी यादी करून पाठवली. माणूस सज्जन, यादीही चांगली. फक्त ती आमच्या कामाची नव्हती. आमचं काम काय हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

आमचं काम म्हणजे बायकांच्या हकिकती. त्या बोलतात, आम्ही चित्रित करतो, शिबिरांत दाखवतो. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आमच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं. कॅमेरा भाड्याचा, आणि संकलन लग्नाच्या शूटिंगवाल्या एका स्टुडिओत, ताशी दरानं. ऑपरेटरच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी "दादा, इथून कापा, तिथं जोडा" असं सांगायची. एकदा एक बाई नवऱ्यानं पेटवून द्यायचा प्रयत्न केला ते सांगत होती. सांगता सांगता ती थांबते. अकरा सेकंद काही बोलत नाही. दादा म्हणाले, "हे डेड आहे, काढू." मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्या अकरा सेकंदांखाली त्यांनी बासरी घातलेली. "भाव येतो, ताई." ती काढायला आणखी दोन तास लागतील म्हणाले आणि आमचे पैसे संपले होते. बासरी राहिली.

बासरीचं एक वेळ जाऊ दे. तिचं सगळं कच्चं चित्रण त्यांच्या हार्ड डिस्कवर राहिलं होतं. काही महिन्यांनी ते पुसून घ्यायला गेले तर तो कॉम्प्युटर विकून त्यांनी नवा घेतलेला. कोणाला विकला ते त्यांना आठवत नव्हतं. त्या चित्रणात तिचा उघडा चेहरा होता, मुलीच्या शाळेचं नाव होतं. ती बाई नंतर मला दोन-तीनदा भेटली. मी तिला हे अजून सांगितलेलं नाही.

बलात्कारासारख्या गुन्ह्यांत तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं वा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं २२८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायदा प्रसिद्ध करण्याबद्दल बोलतो. कोणाच्या तरी डिस्कवर पडून राहिलेल्या कच्च्या चित्रणाची जबाबदारी आपली आपणच घ्यायची असते. म्हणून माझं स्पष्ट मत असं झालं आहे की अशा गटांनी संकलन बाहेर देऊ नये, स्वतःचं यंत्र घ्यावं, आणि त्या यंत्रातला एकेक भाग त्याच्यापुढे बसणाऱ्या बाईनं निवडावा.

"आपल्याला त्यातलं काय कळतं?" हा प्रश्न लगेच येतो. मी कळवून घेतलं. दोन महिने गेले, आणि सांगते, शिलाई मशीन किंवा मिक्सर घेताना आपण जेवढा विचार करतो त्याहून फार जास्त नाही. स्वयंपाकघराची उपमा देते म्हणून रागावू नका, पण ती चपखल बसते. रॅम म्हणजे ओटा: एका वेळी किती पसारा मांडता येईल ती जागा. डिस्क म्हणजे कोठीची खोली. प्रोसेसर म्हणजे चिरणारे-ढवळणारे हात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकच काम शेकडो हातांनी एकदम करणारी पंगत. आता आपला स्वयंपाक कुठला, ते आधी ठरवा.

नुसत्या फोटोंचं काम असेल तर मुख्य भार हात आणि ओट्यावर. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हिडिओचं गणित वेगळं. फोनवर फोर-के चित्रण केलं तर ते कोणत्या पद्धतीनं साठवलं जातं त्यानुसार मिनिटाला साधारण पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी जागा जाते. तासाभराची मुलाखत म्हणजे दहा ते वीस जीबी. शिवाय फोन आणि नवे कॅमेरे आजकाल एच-२६५ या पद्धतीत चित्र इतकं घट्ट दाबून ठेवतात की उलगडतानाच यंत्राला घाम फुटतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ही घडी मोडायची वेगळी सोय आतल्या ग्राफिक्समध्ये असते. पण नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलं, तर ते आतलं ग्राफिक्स मिळत नाही. सज्जन यजमानांच्या यादीत 'एफ'वाला होता, कारण तो स्वस्त पडतो. घरी खेळ खेळणाऱ्याला त्यानं काही फरक पडला नसता.

रॅम सोळा जीबीवर काम सुरू होतं, बत्तीसवर सुखानं होतं. बत्तीसची एकच पट्टी घेण्यापेक्षा सोळाच्या दोन घ्याव्यात, दोन वाटांनी माहिती येते-जाते. भाव मी देत नाही. हा अंक तीन महिन्यांनी येतो, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की आमचं कोटेशन पंधरा दिवसांत जुनं झालं. तेव्हा पैसे कमी पडले तर सोळावर भागवा, पण मदरबोर्डवर आणखी पट्ट्यांना जागा ठेवा.

कोठीच्या खोल्या दोन प्रकारच्या हव्यात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचलं जातं, साध्या एसएसडीवरून साडेपाचशेच्या आसपास, आणि मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमईवरून काही हजार. चालू काम त्या वेगवान डिस्कवर, संपलेलं काम मोठ्या फिरत्या डिस्कवर. आणि प्रती तीन: दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची तिसरी प्रत कुलूप-पासवर्ड घालून एका निवृत्त शिक्षिकेच्या कपाटात असते. कुठल्या, ते इथं लिहीत नाही.

ग्राफिक्स कार्डावर मात्र आमच्यात भांडण झालं. "हे पोरांच्या खेळांसाठी असतं, आपल्याला कशाला?" असं खजिनदारबाईंचं म्हणणं. मी दोन कारणं मांडली. एक, चेहरा झाकायचा तर तो बाईच्या मानेबरोबर प्रत्येक चौकटीत सरकावा लागतो. दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर, ज्याची फुकट मिळणारी आवृत्तीही आम्हाला पुरते, ही कामं कार्डाकडूनच करून घेतं. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. बोलण्याचं लिखाण करून देणारा व्हिस्पर नावाचा प्रोग्राम २०२२ पासून सगळ्यांना खुला आहे. तो इंटरनेटशिवाय आपल्याच यंत्रावर चालतो आणि त्याला मराठी येतं. बोलीभाषेत चुका भरपूर करतो, तपासत बसावं लागतं. पण बाईचा आवाज आपल्या खोलीबाहेर जात नाही. त्याच्या सर्वांत मोठ्या नमुन्याला कार्डाची स्वतःची सुमारे दहा जीबी मेमरी लागते, म्हणून आम्ही बारा जीबीचं घेतलं. खजिनदारबाईंनी सही केली, वर "कारण नोंदवावे" असा शेराही मारला. तो त्यांचा अधिकारच आहे.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नका. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणारा एसएमपीएस हा सगळ्यांत महाग पडणारा भाग. आमच्याकडे दिवे लुकलुकतात, मध्येच जातात. सहाशे व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो. कार्ड जोरात चालू असलं तर तेवढा पुरत नाही. आम्ही हजार व्हीएचा घेतला आणि पैसे वाचवले ते दिव्यांच्या कॅबिनेटवर.

आता मॉनिटर, कारण तिथं प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. कोडॅक कंपनी रंगीत फोटोंचा रंग जुळवायला प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड द्यायची. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. शर्लीची कातडी नीट आली की रंग बरोबर. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्यात काळवंडून गेले, आणि हे कित्येक दशकं चाललं. आज फिल्म गेली, पण फोनमधलं 'ब्युटी' बटण अजून आपल्याला उजळच करतं, आणि लग्नाच्या अल्बममधली नवरी तर स्वतःलाही ओळखू येत नाही. स्वस्त मॉनिटरवर रंग मुळातच कमी दिसतात. पत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं काही लिहिलं असलं तर तो बाजूला ठेवा. आयपीएस जातीचा, एसआरजीबी रंग शंभर टक्क्यांच्या जवळपास दाखवणारा घ्या. उन्हात राबणाऱ्या बाईचा सावळा रंग पडद्यावर राखी दिसला की हात आपोआप उजेड वाढवायला जातो. आमच्या पहिल्या दोन फिल्मांत मी नेमकं तेच करून ठेवलंय.

लॅपटॉप का नाही, असं बऱ्याचजणी विचारतात. घरी बसून काम करणाऱ्या एकट्या बाईला मी लॅपटॉपच सुचवीन. बैठकीच्या खोलीत मांडलेला डेस्कटॉप आठवडाभरात मुलाचा होतो, रात्री नवऱ्याचा, आणि आपल्या वाट्याला दुपारची झोपेची वेळ येते. लॅपटॉप निदान कपाटात ठेवता येतो. मॅक मिनी व्हिडिओला उत्तम आहे हेही खरं, पण त्यात मेमरी नंतर वाढवता येत नाही. गटाला मात्र उघडता येणारं यंत्र हवं. तीन वर्षांनी एक भाग बदलला की पुढची तीन वर्षं निघतात, आणि एकीनं उघडलं की बाकीच्यांची भीती जाते.

खरं तर हे दालन आपल्याला नवं नाहीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजांनी 'जाने भी दो यारो' (१९८३) आणि 'परिंदा' (१९८९) संकलित केले. 'परिंदा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दीपा धनराज आणि त्यांच्या सोबतिणींच्या 'युगांतर' या गटानं १९८१ च्या सुमारास पुण्यातल्या मोलकरणींच्या संघटनेवर 'मोलकरीण' ही फिल्म केली, मग निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. फिल्मची रिळं, कापण्याची टेबलं, सगळं जड आणि महाग असतानाची ही गोष्ट. त्यांना कोणी रंगीत दिवे दाखवले असतील का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

तर आम्ही सगळं वेगवेगळ्या तीन दुकानांतून घेतलं, प्रत्येक भागाचं जीएसटीसह पक्कं बिल, संस्थेच्या नावावर. "बिलाशिवाय कमी करतो" असं दोघांनी सुचवलं. वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली की तो कमी केलेला पैसा आठवतो. जुळवणी कार्यालयातल्या मोठ्या टेबलावर आम्ही तिघींनी केली. प्रोसेसर बसवताना खटका दाबायला माझा हात धजेना, तो आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीनं दाबला.

गेल्या महिन्यात पहिली फिल्म पुरी झाली. जिची हकिकत तिलाच आधी दाखवायची असा आता नियम केला आहे. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, चहा हातात. चेहरा अंधारात ठेवला होता, आवाजही तिचा नव्हता, दुसरीनं वाचलेला होता. आम्हाला वाटलं सगळं झाकलं. ती म्हणाली, "ताई, थांबवा. या पाटल्या दिसतायत. आमच्या गावात अशा पाटल्या फक्त माझ्या सासूच्या." मी थांबवलं, मागे नेलं. तिनं बोट ठेवून जागा दाखवली. दहा मिनिटांत पाटल्या गेल्या. मग ती म्हणाली, "आता पुन्हा पहिल्यापासून लावा."