डब्याचे रेशन

मैत्रिणींनो, टीव्ही बंद केला तरी त्याखालचा सेट-टॉप बॉक्स हाताला कोमट लागतो ना? म्हणजे तो वीज खातोच आहे! युरोपात २००९ साली साध्या डब्यांना विजेचे जणू रेशनच ठरवून दिले: चालू असताना ५ वॅट, कार्यक्रम साठवणारी हार्ड डिस्क असल्यास आणखी ६. पैसे भरून वाहिन्या दाखवणारे, आपल्या डीटीएचसारखे डबे मात्र या वर्गात धरले नाहीत. तेव्हा हिशेब आपणच करावा. १० वॅटचा डबा रोज २० तास उगाच चालू राहिला, तर महिन्याला ६ युनिटे गेलीच! रिमोटने तो नुसती डुलकी घेतो. म्हणून टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचेच बटण बंद करा. रेकॉर्डिंग लावले असेल तर तेवढे राहू द्या हं!